रताळें : एकादशीचें कीं रोजचें?

थंडी पडूं लागली कीं वसई, आगाशी, विरार येथील बाजारांत कंदांचे ढीग दिसूं लागतात. डोंगराकडच्या गांवांतून आलेल्या आदिवासी भगिनी कोनफळें, करांदे आणि तांबडीं रताळीं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. आपल्या घरांतील गृहिणी त्या ढिगाजवळ थबकते आणि मनांतल्या मनांत तिथि मोजते. एकादशी जवळ आली असेल तर रताळीं पिशवींत पडतात. नसेल तर ती पुढें भाजीकडे वळते. जणूं ह्या कंदास उपवासाखेरीज दुसरा दिवसच ठाऊक नाहीं!

मीही ह्याच पंथांतली होतें. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीं एक प्रसंग घडला. मामंजींना मधुमेह आहे. त्या एकादशीस मीं मोठ्या हौसेनें रताळ्याच्या कापा तुपांत परतून साखरेच्या पाकांत घोळल्या. शेजारी साबुदाण्याची खिचडी होती, तिच्यांत बटाटाही होता. दुपारीं त्यांना ग्लानि आल्यासारखें वाटलें, म्हणून घरच्या यंत्रावर साखर तपासली, तर आंकडा पाहून आम्ही सारींच घाबरलों. वेळेवर वैद्यकीय उपचार झाले म्हणून निभावलें. सासूबाईंनीं निर्णय दिला, “आजपासून रताळें ह्या घरांत बंद!” मींही मान डोलावली. पण रात्रीं विचार करूं लागलें, तेव्हां वाटलें कीं अपराध रताळ्याचा फार थोडा, आणि माझ्या हाताचाच अधिक. साखर मीं घातली, तूप मीं ओतलें. पिठूळ पदार्थांवर पिठूळ पदार्थ मींच वाढले. आरोपी मात्र बिचारा कंद ठरला.

ह्या कंदाची कहाणीही मौजेची आहे. रताळें मूळचें अमेरिकेंतलें. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तें आपल्या देशांत आलें. वसईवर त्यांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता, तेव्हां येथील लोकांना हा पाहुणा अनोळखी राहिला नसावा. ‘बटाटा’ हें नांव पश्चिमेकडे मूळ ह्याचेंच. पुढें दुसऱ्याच एका कंदानें तें बळकावलें. आपल्याकडे मात्र त्याला तांबड्या कंदाचें ‘रक्तालु’ हें जुनें संस्कृत नांव मिळालें आणि त्याचें ‘रताळें’ झालें. इतकेंच नव्हे, तर परदेशांतून आलेला हा कंद थेट आपल्या फराळाच्या पानांत जाऊन बसला! ज्या घरानें त्याला एवढा मान दिला, त्यानें तो रोजच्या पंक्तींतून उठवावा, हें कांहीं बरें दिसत नाहीं.

आतां त्याच्या गुणांविषयीं. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यांत सुमारें २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, ३ ग्रॅम चोथा आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिनें असतात. म्हणजे तें भाजीपेक्षां धान्याचेंच भावंड होय. शंभर ग्रॅमांतला पिष्टांश एका लहान पोळीइतका भरतो. यावरून पहिला नियम निघतो : रताळें पानांत आलें कीं त्या मानानें पोळी किंवा भात कमी करावा. दुसरा नियम असा कीं त्याला प्रथिनांची जोड द्यावी. दाणे, दहीं, वालाच्या शेंगा, मुगाची डाळ, यांपैकीं कांहीं तरी सोबत असलेंच पाहिजे.

तिसरा नियम शिजविण्याचा. रताळ्यांत एक असें द्रव्य असतें कीं, सुमारें ६० ते ७५ अंश उष्णतेंत तें पिठूळ भागाची साखर बनवूं लागतें. निखाऱ्यांत सावकाश भाजलेलें रताळें इतकें गोड लागतें तें ह्याचमुळें. जमैकांत रताळ्याच्या दहा वाणांवर एक प्रयोग झाला. तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. ग्लूकोजमुळें रक्तांतील साखर जितकी चढते तिला १०० मानलें, तर उकडलेल्या रताळ्याचा अंक ४१ ते ५० आला आणि भाजलेल्याचा ७९ ते ९४. तेव्हां ज्यांच्या घरीं मधुमेही आहेत त्यांनीं रताळें उकळत्या पाण्यांत टाकून, बोटचेपें न होऊं देतां उतरावें. आणि किती खावें हें आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावें.

‘अ’ जीवनसत्त्वासाठीं रताळें खावें असें पुष्कळ ठिकाणीं वाचनांत येतें. तें खरें आहे, पण नारिंगी गराच्या रताळ्यापुरतें. आपल्या बाजारांतील पांढऱ्या गराच्या रताळ्यांत तें जवळजवळ नसतेंच. आफ्रिकेंत नारिंगी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या संशोधकांना २०१६ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरम् येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनेंही ‘भू सोना’ नांवाचा नारिंगी वाण काढला आहे. असा माल मिळाल्यास अवश्य घ्यावा; तोंवर पांढऱ्या रताळ्याच्या जोडीला गाजर वा पालेभाजी ठेवावी.

घेतांना रताळें टणक आणि अखंड पाहून घ्यावें. सोंडकिड्यानें पोखरलेलें रताळें आंतून काळें पडतें, कडू लागतें आणि त्यांत यकृतास अपायकारक द्रव्यें तयार होतात. शिजवूनही तीं जात नाहींत. “काळें तेवढें कापून टाकूं” ही काटकसर येथें करूं नये. तें सबंधच टाकावें. रताळीं शीतकपाटांत ठेवूं नयेत, आंतून कडक होतात; हवेशीर टोपलींत ठेवावींत.

आतां तीन रोजचे प्रकार सांगतें. प्रमाण चार माणसांचें.

दह्यांतलें भरीत : पाव किलो रताळीं उकडून, सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. दोन वाट्या गोडसर दहीं, पाव वाटी दाण्याचें कूट, मीठ, हिरवी मिरची व कोथिंबीर घालावी. वरून चमचाभर तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी. साखर मुळींच नको. रताळें आपली गोडी आपल्याबरोबर घेऊन येतें.

घरगुती उकडहंडी : आपल्या ह्या भागांत थंडींत शेतावर मडक्यांत शेंगा-कंद भरून जाळांत शिजवितात, तिचेंच हें घरचें रूप. पाव किलो वालपापडी, रताळें व कोनफळ प्रत्येकी दीडशे ग्रॅम, चार लहान वांगीं. अर्धी वाटी ओलें खोबरें, मूठभर कोथिंबीर, तीन मिरच्या, आलें व चमचाभर ओवा यांचें वाटण करावें; हळद-मीठ घालून सर्वांस चोळावें. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन चमचे तेलावर घालून, झांकणावर पाणी ठेवून मंद आंचेवर पाऊण तास शिजवावें. शक्य तों आंत पाणी घालूं नये. मंद आंचेनें ह्यांतलें रताळें अधिक गोड होतें, म्हणून मधुमेह्याच्या पानांत शेंगा अधिक वाढाव्यात.

थालीपीठ : एक वाटी उकडून कुस्करलेलें रताळें, एक वाटी ज्वारीचें पीठ, पाव वाटी बेसन, तीळ, जिरें, मिरची, मीठ. बहुधा पाणी लागतच नाहीं. केळीच्या पानावर थापून तव्यावर थोड्या तेलांत भाजावें. मुलांच्या डब्यास उत्तम.

ज्यांच्या परसांत वेल आहे त्यांनीं कोवळीं पानेंही वायां घालवूं नयेत. मुगाची डाळ घालून त्यांची भाजी चांगली होते.

सासूबाईंचा हुकूम आमच्याकडे वर्षभर चालला. मग डॉक्टरांना विचारून एका बुधवारीं मीं मामंजींच्या पानांत दह्यांतलें भरीत वाढलें. त्यांनीं चमकून विचारलें, “सूनबाई, आज एकादशी कां?”

“नाहीं मामंजी, आज बुधवार.”

त्यांनीं क्षणभर पानाकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां एक पोळी उचलून परत ताटलींत ठेवली. दोन तासांनीं साखर तपासली; आंकडा आवांक्यांत होता. दुसऱ्या दिवशीं बाजारांत जातांना सासूबाईच म्हणाल्या, “रताळीं दिसलीं तर आण हो.”