ग्रंथांची यादी आणि माणसांची यादी

एखाद्या इतिहासप्रसिद्ध पुरुषाच्या घरातील ग्रंथसंग्रह मूळच्या मांडणीप्रमाणे पुन्हा उभा करणे, हे केवळ कपाटे लावण्याचे काम नव्हे. कोणता ग्रंथ कोणत्या ग्रंथाशेजारी होता, यावरून मालकाच्या विचारांची घडण कळते. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या माँटिसेलो येथील संग्रहाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८१४ साली ब्रिटिश फौजांनी वॉशिंग्टन जाळले, त्यात काँग्रेसचे ग्रंथालय भस्मसात झाले. तेव्हा जेफर्सन यांनी आपले ६,४८७ ग्रंथ २३,९५० डॉलरला सरकारला विकले व १८१५ मध्ये ते दहा गाड्यांतून राजधानीस रवाना झाले. बेकनच्या धर्तीवर स्मृती, बुद्धी आणि कल्पना या तीन शक्तींनुसार त्यांनी इतिहास, तत्त्वज्ञान व ललितकला असे विभाग करून ४४ प्रकरणे पाडली होती. ग्रंथपालांनी छापील सूचीत प्रकरणांतर्गत क्रम मोडून तो अकारविल्हे लावला. जेफर्सन यांना ते रुचले नाही. १८२३ साली त्यांनी निकोलस ट्रिस्ट यांच्याकडून मूळ क्रमाची यादी करवून घेतली. ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. १८५१ च्या आगीत संग्रहाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग नष्ट झाला होता. काँग्रेस ग्रंथालयाने त्याच आवृत्त्या धुंडाळून रिकाम्या जागा भरण्याचे काम चिकाटीने केले आहे.

हे काम स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु ग्रंथ जागच्या जागी आले म्हणजे ग्रंथालय समजले, असे मानणे ही फसगत ठरेल. हे ग्रंथ विकत घेण्यास पैसा आणि वाचण्यास फुरसत कोठून आली, हा प्रश्न मांडणीइतकाच मूलभूत आहे. जेफर्सन यांनी जन्मभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. माँटिसेलोच्या कारखान्यात १७९४ पासून दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले खिळे घडवीत आणि त्या नफ्यातून घरचा किराणा भागे.

ग्रंथविक्रीची बरीचशी रक्कम कर्जफेडीत गेली. तरी कर्ज उरलेच. १८२६ मध्ये जेफर्सन निवर्तले आणि जानेवारी १८२७ मध्ये १३० गुलामांचा लिलाव पुकारण्यात आला. लोहार जोसेफ फॉसेट यांना मृत्युपत्राने मुक्ती मिळाली. त्यांची पत्नी व मुले मात्र या लिलावात विकली गेली. एकाच कर्जापायी आधी ग्रंथ विकले गेले, मग माणसे.

ग्रंथालयाचा संबंध विचारांशी असतो, त्यात गुलामगिरी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हा संबंध टीकाकारांनी जोडलेला नाही. ज्या हाताने ग्रंथांची सूची लिहिली, त्याच हाताने शेतवहीत गुलामांची नावे, जन्म आणि त्यांना दिलेल्या घोंगड्या व धान्य यांची नोंद केली. दोन्ही याद्या शिल्लक आहेत. तेव्हा साधनांची उणीव ही सबब चालणार नाही.

माँटिसेलोच्या चालकांनी १९९३ पासून गुलामांच्या वंशजांच्या आठवणी संकलित केल्या आणि २०१८ मध्ये सॅली हेमिंग्स यांच्या जीवनावरील दालन उघडले, हे योग्यच झाले. मात्र असे दालन वेगळे आणि ग्रंथांची खोली वेगळी, अशी विभागणी राहू नये. प्रेक्षक ज्या कपाटापुढे थांबतो, तेथेच त्याला त्या घराचा जमाखर्चही वाचावयास मिळाला पाहिजे. जुन्या घरांचे जतन सार्वजनिक हितासाठी करावयाचे असेल, तर मालकाच्या अभिरुचीइतकीच श्रमाची नोंदही काटेकोर हवी.