सुट्टी घरच्यांची, वही बाईची

चैत्र सरत आला की आमच्या शहापूर-मुरबाडकडे दोन आराखडे तयार असतात. एक पंचायत समितीच्या कचेरीत, पाणीटंचाईचा. कुठल्या गावाला टँकर, कुठल्या पाड्याला किती फेऱ्या, हे त्यात असतं. तो करणाऱ्यांना पगार मिळतो, त्यावर सह्या-शिक्के होतात आणि त्याला आराखडा म्हणतात. दुसरा आराखडा घरातल्या बाईकडे, पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. मे महिन्यात पोरांना थीम पार्क नाहीतर वॉटर पार्क दाखवून आणायचं, त्याचा. त्याला पगार नाही, शिक्का नाही. त्याला म्हणतात, 'हिची हौस'.

मला भांडायचं आहे ते या 'हौस' शब्दाशी.

आमच्या गटाच्या बैठकीत किन्हवलीकडच्या एका मैत्रिणीने तिची वही दाखवली. तिच्या परवानगीने ती इथे उघडते आहे. नाव घालत नाही, कारण सासू वाचत नसली तरी दीर वाचतो. जायचं होतं खोपोलीजवळच्या इमॅजिकाला, २०१३ साली सुरू झालं ते. (१९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं तेव्हा ते आमच्याकडे टीव्हीच्या जाहिरातीतच दिसायचं. आता मोबाइलवर दिसतं आणि पोरं रोज विचारतात, एवढाच फरक.)

पहिल्या पानावर पोरांची उंची लिहिलेली. दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण केलेली, फुटा-इंचात. अशा ठिकाणी मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं आणि नणंदेचा मुलगा दोन बोटांनी मोठ्या तिकिटात जातो की काय, ही तिची धास्ती. पुढे प्रवास. आसनगावहून लोकलने जायचं तर कसाऱ्याचा आणि खोपोलीचा फाटा कल्याणला फुटतो, म्हणजे आधी कल्याणपर्यंत खाली जा आणि तिथून गाडी बदलून पुन्हा वर या. सहा माणसं, त्यात एक म्हातारी, एक झोपाळू पोर. पुलाचे जिने तिने मोजलेले होते. दुसरा मार्ग मुरबाडवरून एसटीने, म्हसा-कर्जत करत. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून हा मार्ग तिने आधी मांडला, मग परतीची शेवटची गाडी चुकली तर काय, असं लिहून खोडला. तिसरा मार्ग भाड्याची जीप. तिच्यापुढे आकडा, आकड्यापुढे प्रश्नचिन्ह.

मग पैशांचं पान. त्यात तिचे 'लाडकी बहीण'चे चार हप्ते, म्हणजे सहा हजार रुपये. २०२४ मध्ये ही योजना आली तेव्हा सरकार म्हणालं, हे बाईच्या हक्काचे पैसे. तिने ते हक्काने सहलीत घातले आणि गावात बातमी झाली की अमक्याने पोरांना इमॅजिका दाखवला! अमक्याने आसनगावच्या कारखान्यातून एक रजा काढली होती. तेवढीच त्याची आखणी.

शेवटचं पान सगळ्यात भरगच्च. त्याला तिने मथळाही दिला होता, 'मागे'. म्हैस कोण पिळणार. सासऱ्यांची गोळी कोण देणार. कोंबड्या. आणि पाणी. तिच्या गावात टँकर विहिरीत रिकामा करतात, मग बाया पोहरे सोडतात. त्या वेळी हजर नसेल तिच्या वाट्याला तळाचा गाळ. सहलीच्या दिवशी टँकर आला तर आपली दोन पिंपं कोण भरणार? जावेचं नाव लिहून पुढे कंसात 'तिच्या माहेरच्या लग्नात मी चार दिवस भरणार' अशी परतफेड लिहिलेली. नवऱ्याच्या, दिराच्या नावापुढे पाणी कुठेच नव्हतं.

आता मैत्रिणींनो, ही हौस आहे का? टूर कंपन्या हेच काम करतात आणि माणशी पैसे घेतात. कारखान्यात हेच काम करणाऱ्याला खुर्ची असते. घरात केलं की ते काम उरत नाही, बाईचा स्वभाव होतं. 'तिला सगळं लक्षात राहतं', 'तिला जमतं', 'आम्ही काही बोललो तर तिला आवडत नाही'. या तीन वाक्यांवर सबंध घर वर्षभर आरामात बसतं.

सरकारी मोजणीतही ते सापडत नाही. देशात २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली माणसं वेळ कशी घालवतात याचं सर्वेक्षण झालं. २०२४ च्या आकड्यांप्रमाणे घरकाम करणारी बाई दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. आकडे कामाचे आहेत, मोर्चात वापरा. पण मोजायची रीत बघा. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्यात जे किमान दहा मिनिटं केलं ते लिहायचं. घरातल्या कामांची आखणी करणं, हे त्या वर्गीकरणात वेगळं काम म्हणून आहे, नाही असं नाही. पण भाकरी थापताना तारीख ठरवली, पोहरा ओढताना जीपवाल्याचा दर आठवला, रात्री दिवा मालवल्यावर उंचीची काळजी केली, ही मिनिटं कुठल्या तुकड्यात घालणार? डोक्यावरचा हंडा दिसतो तरी. डोक्यात चाललेलं हे कुणालाच दिसत नाही, मोजणाऱ्यालाही नाही आणि पुष्कळदा तिलाही नाही.

तारखेचं पान मी मुद्दाम मागे ठेवलं. त्या पानावर सात तारखा खोडलेल्या होत्या. एक नवऱ्याच्या पाळीसाठी, म्हणजे कारखान्यातल्या पाळीसाठी. दोन हळदी-लग्नांसाठी. एक सासूच्या उपासासाठी, एक टँकरसाठी, एक दिराला 'बघू' म्हणायचं होतं म्हणून. सातवी तिच्या स्वतःच्या पाळीसाठी. आणि शेवटी नवऱ्याची रजा पक्की झाली ती नेमकी त्याच सातव्या तारखेला. खोडलेली तारीख पुन्हा गोल करून तिने समोर फक्त 'गोळी' असं लिहिलं होतं.

हा शब्द बैठकीत वाचला तेव्हा कुणी चमकलं नाही. हेच मला जास्त लागलं. गणपतीत, सत्यनारायणाला, लग्नघरात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे पिढीभर चालल्या आहेत आणि त्यावर आपण बोललो, लिहिलं. तेव्हा म्हणत होतो की विटाळाची कल्पना गेली की गोळी जाईल. आता देव नाही, सोवळं नाही, नुसती सहल आहे, तरी गोळी आहेच! कारण सगळ्यांच्या सोयी बघून झाल्यावर जुळवून घ्यायला एकच गोष्ट उरते, बाईचं शरीर. या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. पाळीच्या तीनेक दिवस आधीपासून रोज घ्यावी लागते. कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं दुखतं, छाती भरून येते. जिला रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा आजार आहे तिने ती घेऊच नये, इतरांनीही डॉक्टरला विचारूनच घ्यावी. आमच्याकडे मात्र ती औषधाच्या दुकानातून बिनचिठ्ठीची येते, आणि आणायला पाठवतात धाकट्या पोराला, कागदात गुंडाळून. रजा एक दिवस पुढे सरकत नाही, पाळी सरकते.

'पण तिथे गेल्यावर तीही मजा करतेच ना?' हे हमखास ऐकायला मिळतं. बघू या कसली मजा ती. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या लग्नघरच्या मंडळींबरोबर मी एका वॉटर पार्कला गेले होते. कुठल्या ते सोडा, सगळीकडे तेच. आम्ही नऊ बाया. पाण्यात उतरायला नायलॉनचा पोशाख लागतो, साडी-पंजाबी ड्रेस चालत नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, घसरगुंडीत पदर अडकला तर जीव जाईल. पण पोशाख भाड्याने घ्यायचा तर पैसे, आणि पुरुषांच्या, पोरांच्या चड्ड्या घेऊन झाल्यावर वहीतली पहिली ओळ कापली गेली ती बायांच्या पोशाखाची. 'तुम्हाला कुठे पोहायचंय?' नऊपैकी सहाजणी बाकावर बसल्या, पिशव्या, चपला, मोबाइल, पाकिटं सांभाळत. ज्या तिघी उतरल्या त्यांतली एक सासऱ्यांची नजर चुकवून. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून पहाटे तीनला उठून केलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी गाडीतच आंबली. संध्याकाळी ती कुणी फेकायची यावरून दोघींचं वाजलं. घरी पोचल्यावर पुरुष आडवे झाले, पोरं झोपली, आणि बायांनी चौदा ओले टॉवेल धुतले. विहिरीच्या पाण्याने.

आता आपल्यातल्याच काहीजणींचा आक्षेप. या लेखाचा विषय मी सांगितला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "ताई, आपण हंड्यांचे मोर्चे काढणाऱ्या बाया. थीम पार्क कसले घेऊन बसलीस?" प्रश्न खरा आहे. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर अशी धरणं. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि आज मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं आहे. आणि धरणांच्या तालुक्यातली बाई टँकरची वाट बघते. तिने पोराला कृत्रिम लाटा दाखवायला पैसे साठवायचे, याचा मलाही राग येतो. मुरबाडकडच्या फार्महाऊसांवर आणि रिसॉर्टांवर चादरी बदलायला, भांडी घासायला जाणाऱ्या कातकरी, ठाकर बायांचा मे महिना तर दुसऱ्यांच्या सुट्टीतच जातो. त्यांच्या घरी सहलीची वहीच नसते.

पण यातून 'सहल ही चैन आहे, बाईने मागू नये' असा अर्थ काढणार असाल तर मी भांडेन. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हाही मालक म्हणाले असतीलच की कामगाराला सुट्टी कशाला, दारू प्यायला? कामगाराने विचारलं नाही की सुट्टीत मी काय करणार हे तुम्हाला पटतं का. त्याने सुट्टी मागितली. आमच्या मैत्रिणीला पाळण्यात बसून ओरडायचं आहे. ओरडू दे. तिच्या सासूला म्हशाच्या जत्रेतल्या पाळण्यात बसायचं होतं, तिला कुणी बसू दिलं नाही, मुलं सांभाळ म्हणाले. तिच्या सुनेलाही पाण्याचं, गोळीचं, टॉवेलांचं ओझं घेऊनच पाळण्यापर्यंत जावं लागतं, हे मला खटकतं. आणि जाऊबाईने भरलेली पिंपं आणि रिसॉर्टवरच्या बाईने घासलेली भांडी हा त्याच आराखड्याचा भाग आहे. एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या पाठीवर टाकून भागवायची आणि पुरुषांनी रजेचा अर्ज तेवढा द्यायचा, हे बंद करायचं तर सुरुवात त्या 'मागे' नावाच्या पानापासून करावी लागेल. २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलंडच्या बायांनी एक दिवस घरकाम आणि नोकरी दोन्ही सोडून सुट्टी घेतली, तेव्हा सगळा देश थांबला. आमच्याकडे सगळा देश नको, एक विहीर पुरे.

म्हणून आमच्या गटांनी फेब्रुवारीत ठरवलं की सहल हवी असेल त्या घरातल्या पुरुषाने वही लिहायची, सगळी, 'मागे'सकट. बायांनी आठवण करायची नाही. पैशांच्या पानावर पहिली ओळ बाईच्या पोशाखाची. तारीख ठरवताना तिची पाळी आधी, रजा नंतर, आणि गोळी नाही. जावेला पाणी भरायला सांगायचं असेल तर दिरानेही त्या दिवशी पोहरा धरायचा. ठरवताना खूप हसलो. 'मग सहल होणारच नाही,' असं निम्म्याजणी म्हणाल्या. नाही झाली तर नाही झाली, पोरं विचारतील तेव्हा बोट वहीवाल्याकडे दाखवायचं, असं बाकीच्या निम्म्याजणींनी सुनावलं.

सध्या पाच घरांत वही पुरुषाच्या हातात आहे. दोघांनी ती परत केली. एकाने शिर्डीचा बेत केला आहे, तिथेही वॉटर पार्क आहे आणि देवदर्शन म्हटलं की आईला पटवावं लागत नाही. हुशार आहे. एकाने जीपवाल्याशी बोलणी केली, पोरांची उंची मोजली, आणि ती लिहिताना बायकोला पहिल्यांदा विचारलं, "तुला त्या मोठ्या पाळण्यात बसायचंय का?" पाचव्याने आतापर्यंत तारीख तेवढी लिहिली आहे. त्या दिवशी टँकर आला तर पिंपं कोण भरणार, हे तो रोज बायकोला विचारतो, आणि ती रोज सांगते की वहीत बघा.