हत्यार कोणाच्या हातासाठी?

आमचे अण्णा सुतार आहेत. शिक्षण चौथीपर्यंत. खिडकीची कमान कापायची असली की ते आधी पातळ फळीचा फर्मा करतात आणि त्यावर पेन्सिलीने लिहितात : 'खिडकी. ही बाजू वर.' मी एकदा विचारले, "अण्णा, फर्मा तुम्हीच केलात, मग लिहिता कशाला?" ते म्हणाले, "उद्या मी नसलो, तर पोराने तो धरायचा कसा?"

हे बोल मला गेल्या वर्षी संगणकासमोर आठवले. स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक छोटा चित्रपट करीत होतो आणि त्यातले गाव 'ब्लेंडर' या सॉफ्टवेअरमध्ये उभे करायचे होते. ब्लेंडर फुकट मिळते. २००२ साली जगभरच्या चाहत्यांनी एक लाख युरो जमवून त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करून घेतली. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' त्यातच घडला.

२०२१ पासून ब्लेंडरमध्ये 'जिऑमेट्री नोड्स' आले. लहान लहान चौकटी, प्रत्येकीचे एक काम. त्या तारांनी जोडायच्या आणि सगळा संच एका नावाखाली बांधायचा, की आपले स्वतःचे हत्यार तयार! मी कौलारू छपराचे हत्यार केले. कोणताही उतार द्या, त्यावर कौले ओळीने बसतात. बाहेर बदलता येतील असे आकडे तीनच ठेवले : कौलाची लांबी, दोन ओळींतील अंतर आणि फुटक्या कौलांचे प्रमाण.

मोठ्या अभिमानाने ते मी मैत्रिणीला दिले. तिला दिसले काय? 'व्हॅल्यू', 'व्हॅल्यू', 'व्हॅल्यू'. कारण आतल्या चौकटीतून तार बाहेर ओढली की आतलेच नाव तिला चिकटून बाहेर येते. तिने मधल्या घरात शून्याजवळचा आकडा घातला. ओळींतले अंतर जवळजवळ नाहीसे झाले, लाखो कौले पडू लागली आणि संगणक गोठला. ती उठली आणि म्हणाली, "हे आपलं काम नव्हे बाई."

मित्रहो, हेच वाक्य मी प्रवेशाच्या दिवशी अर्जासमोर मनात म्हटले होते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. रिकाम्या घरांत काय भरायचे हे सांगणारे कोणी नव्हते. अर्ज करणाऱ्याला ती घरे पाठ होती, म्हणून भरणाराही ती जाणतो असे त्याने धरून चालले. मीही माझ्या मैत्रिणीशी तसेच वागले.

चूक आधी माझीच. नाव बदलणे, किमान-कमाल मर्यादा घालणे, दोन ओळींचा खुलासा लिहिणे, हे सारे ब्लेंडरमध्ये करता येते. परंतु ते बाजूच्या एका पट्टीत असते आणि करणाऱ्याला कोणी त्याची आठवण देत नाही. टोरांटोच्या साइडएफएक्स कंपनीचे 'हूडिनी' अशा हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे नको ते घर प्रसंगानुसार लपवताही येते. मात्र त्याची अट महिरपी कंसांत, संकेतांच्या भाषेत लिहावी लागते. थोडक्यात, हत्यार चालवणे सोपे करण्याची सोय आहे, पण ती सोयच अवघड आहे!

माझे म्हणणे साधे आहे. तार बाहेर ओढताक्षणी खिडकीने तिथेच विचारावे : याचे नाव काय? कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? दुसऱ्याला हे हत्यार कसे दिसेल, ते शेजारीच दाखवावे. आणि ते दुसऱ्याच्या हाती देण्याआधी बिननावाची घरे दाखवून द्यावीत.

जाणकार म्हणतील, अशा प्रश्नांनी कामाचा वेग जातो. त्यांना प्रश्न ओलांडून जाण्याची मुभा जरूर असावी. पण जाणूनबुजून ओलांडणे निराळे आणि विसरणे निराळे. शिवाय सुधारणा अशक्य नाही. २०२३ च्या ४.० आवृत्तीत ही घरे गटवार मांडण्याची सोय आली आणि पायथॉन ही संगणकाची भाषा न शिकताही नोड्समधून नवी हत्यारे करता येऊ लागली. हत्यारे करणारे हात वाढणार आहेत. मग ती दुसऱ्याला समजतील अशी करायला त्यांना कोण शिकवणार?

यात कला शाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी अंग चोरू नये. नेमके नाव देणे, थोडक्यात खुलासा करणे, समोरच्याला काय ठाऊक नसेल याचा अंदाज घेणे ही भाषेचीच कामे आहेत आणि तीच आपण इथे शिकतो.

मी त्या तीन घरांना, रोमन अक्षरांत का होईना, मराठी नावे दिली. अंतराला मर्यादा घातली. परवा मैत्रिणीने ते पुन्हा उघडले, छप्पर घातले आणि म्हणाली, "कड्यालगतची कौले नीट बसत नाहीत गं तुझी." खरेच बसत नव्हती. आता ती दुरुस्ती आम्ही दोघी मिळून करतो आहोत.

— द्वितीय वर्ष, कला