सांधा अडला, म्हणजे मोटर मेली असे नव्हे

आगगाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती सांध्यापाशी. पूर्वी सांधेवाला लोखंडी दांडा ओढून सांधा बदलीत असे. आता मोठ्या स्थानकांत हे काम विजेची मोटर करते. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका या देशांतील कित्येक हौशी माणसे घरामागच्या बागेत छोट्या आगगाड्या चालवितात. त्या रुळांच्या सांध्यांनाही अशीच, पण मुठीत मावेल एवढी मोटर असते. ही मोटर बिघडली तर नवी आणावी की जुनी उघडावी, असा प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर, आधी उघडावी.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या हौशी लोकांच्या खेळण्याशी आमचा काय संबंध? एक धागा तर अगदी जवळचा आहे. ब्रिटनमधील पुष्कळ बागरेल्वे १ फुटाला १६ मिलिमीटर या प्रमाणात बांधतात. त्या प्रमाणात ३२ मिलिमीटर अंतराचे रूळ म्हणजे २ फुटी रेल्वे, अर्थात आपल्या माथेरानच्या गाडीचे रूळ! दुसरा धागा तुमच्या पाठ्यपुस्तकातला आहे. तारेचे वेटोळे, लोखंडी दांडी, धारित्र, डायोड. या मोटरीत यापलीकडे फारसे काही नसते.

सांध्याच्या मोटरीचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे शेजारी शेजारी दोन वेटोळी आणि त्यांतून सरकणारी एक लोखंडी दांडी. ज्या वेटोळ्यातून प्रवाह जातो ते दांडीला आपल्याकडे ओढते. समजा, वेटोळ्याचा रोध ४ ओहम आहे आणि दाब १६ व्होल्ट. प्रवाह ४ अँपिअर आणि शक्ती ६४ वॅट! एवढी उष्णता त्या इवल्या वेटोळ्याला क्षणभरच सोसते. बटण अडकून बसले तर काय होईल? वेटोळ्यात १० ग्रॅम तांबे धरू. तांब्याची विशिष्ट उष्णता पाहता तापमान सेकंदाला सुमारे १७ अंशांनी चढेल. (तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, त्यामुळे पुढे वेग थोडा मंदावेल, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल.) दहा-पंधरा सेकंदांत तारेवरचे लाखेसारखे आवरण करपू लागते आणि वेटोळे कायमचे निकामी होते. म्हणून जाणकार लोक मध्ये धारित्र घालतात. ४७०० मायक्रोफॅरडचे धारित्र २४ व्होल्टला भारले, तर त्यात सुमारे १.३५ जूल ऊर्जा साठते. सांधा खटकन हलायला एवढी पुरते, आणि बटण अडकले तरी वेटोळे जळत नाही.

बागेत मात्र वेटोळे जळण्यापेक्षा इतर कारणांनीच सांधे अधिक अडतात. पाऊस असतो, पालापाचोळा असतो, मुंग्या असतात, आणि रुळांखालची बारीक खडी नेमकी सांध्याच्या पात्यांत जाऊन बसते. तेव्हा पहिली तपासणी विजेची नव्हे, बोटाची. मोटर सोडवून बाजूला ठेवा आणि पाते बोटाने सरकवून पाहा. तेच अडत असेल तर मोटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा संशयित म्हणजे तार. घरापासून सांधा २० मीटर दूर असेल, तर जाऊन येऊन तार ४० मीटर होते. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला रोध भरतो सुमारे १.३६ ओहम. वेटोळ्याचे ४ ओहम मिळविले की प्रवाह ४ अँपिअरवरून ३ वर येतो. लोखंडी दांडीवरील ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाबरोबर बदलते, म्हणजे ती जवळजवळ निम्म्यावर आली! आता अशा ठिकाणी नवी कोरी मोटर बसविली तरी तीही तशीच कण्हणार. तार जाड घातली की जुनीच मोटर खडखडीत चालू लागते.

जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ साली ‘एलजीबी’ नावाची ४५ मिलिमीटर रुळांची बागरेल्वे बाजारात आणली. तिच्या सांध्याच्या मोटरीला दोनच तारा असतात. प्रत्यावर्ती प्रवाहाचे अर्धे तरंग डायोडने गाळून तिला देतात. धन अर्धा दिला की पाते एका बाजूला, ऋण दिला की दुसऱ्या बाजूला. समजा, मोटर एकाच बाजूला जाऊन थांबते, परत येत नाही. दोन्ही तारांची अदलाबदल करून पाहा. आता ती दुसऱ्या बाजूला सरकली, तर मोटर निर्दोष आहे. बटणपेटीतला एखादा डायोड गेला आहे. ती नुसतीच जागच्या जागी थरथरते का? मग डायोड आरपार झाला असून पूर्ण तरंग मोटरीत शिरत असण्याचा संभव मोठा. ही सारी तपासणी कागदावर, पेच न सोडविता करता येते, आणि मला त्यातच खरी गंमत वाटते.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. लेमान कंपनी २००६ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००७ मध्ये एलजीबी मेर्कलिन कंपनीकडे गेली. अशा उलथापालथीत रुळांचे अंतर ४५ मिलिमीटरच राहते, कारण ते सर्वांनी मानलेले माप आहे; पण मोटरीच्या आतल्या चिमुकल्या चाकाचे माप कोणी कुठे छापलेलेच नसते. माझा आक्षेप नेमका येथे आहे. तीस वर्षे प्रत्येक चाक कोठारात ठेवा, असे कोणत्याही कारखानदाराला सांगणे अन्यायाचे होईल. शिवाय जर्मनीत कारागिराच्या तासाभराच्या मजुरीत नवी मोटर येत असेल, तर लोक नवी घेणारच. परंतु भागांचा नकाशा छापायला काय खर्च येतो? आणि मोटरीची पेटी पेचांऐवजी डिंकाने का चिकटवावी? युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी निर्देश काढला, आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ उघडले. युरोपच्या यादीत धुलाई यंत्रे आणि दूरध्वनी आहेत, खेळण्यातील आगगाड्या नाहीत.

तोवर माप आपणच काढावे. दातेरी चाकाचा बाहेरचा व्यास मोजा, दात मोजा, दातांच्या संख्येत २ मिळवून त्याने व्यासाला भागा. २० दात आणि व्यास ११ मिलिमीटर असेल तर उत्तर ०.५ येते, या आकड्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात. तोच मॉड्यूल, तेवढेच दात आणि आसासाठी तेवढेच भोक असलेले चाक एखाद्या बिघडलेल्या खेळण्यातही सापडू शकते. वेटोळ्याची तार किती जाड? पेन्सिलीवर २० वेढे चिकटून गुंडाळा, रुंदी मोजा, २० ने भागा. मेलेली मोटर तर फेकूच नये. तिचे पेच, स्प्रिंगा आणि चांगले राहिलेले एक वेटोळे तिच्या भावंडाला उपयोगी पडते.

आता शिक्षकांशी दोन शब्द. भौतिकीच्या प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्याला चालू उपकरण देतो आणि ठरलेले वाचन काढायला लावतो. त्याऐवजी वर्षातून एकदा त्याला बिघडलेले मंडल द्या. कुठे तार तुटलेली, कुठे डायोड उलटा, कुठे घाणीने बुजलेला जोड. दोष काय, हे तपासणीपूर्वी वहीत लिहायला सांगा आणि गुण त्या अंदाजाच्या कारणाला द्या, दुरुस्तीला नव्हे. यासाठी परदेशी मोटर नको. बॉलपेनच्या रिकाम्या नळीवर पातळ आवरणाच्या तारेचे २०० वेढे, आत सैल सरकणारा खिळा आणि ६ व्होल्टची घटमाला एवढे पुरे. प्रवाह क्षणभरच द्यावा, आणि घरच्या २३० व्होल्टला यातले काहीही जोडू नये.