यंत्रामागचा माणूस



आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे मामा धुळे तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. लग्नसराईत ते बँडमध्ये ‘कॅसिओ’ वाजवतात आणि उरलेले दिवस दुसऱ्यांच्या कपाशीत मजुरी करतात. बारावीत असताना एका स्नेहसंमेलनासाठी मी सुचवले होते की, गाण्यांच्या साथीला मामांना बोलवू. उत्तर मिळाले, “ते वरातीतलं वाजवणं इथं नको. आणि यंत्रावर बोटं फिरवायची, त्यात कला ती काय?” मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर, थोडे उशिरा का होईना, इथे देत आहे.

उत्तर मला सापडले ते मुंबईच्या चरणजित सिंग यांच्या आयुष्यात. १९४० साली जन्मलेले हे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवीत. शंकर-जयकिशन, सचिनदेव व राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. आपण ती गाणी गुणगुणतो, गायकाचे नाव सांगतो, संगीतकाराचे सांगतो; गिटार कुणाची, हे विचारतो का? स्टुडिओतले काम नसेल तेव्हा ते चित्रपटगीतांच्या धुना वाजवून तबकड्या काढीत आणि स्वतःचा बँड घेऊन लग्नांतही वाजवीत. होय, लग्नांत!

१९८२ साली त्यांनी एक वेगळेच धाडस केले. त्या वेळी चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ होता. त्यांनी ठरवले की ठेका डिस्कोचा ठेवायचा, तबला बंद करायचा आणि वर राग वाजवायचे. सिंगापूरहून आणलेली रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी एकत्र जुळवली. एकात ठेका भरायचा, दुसऱ्यात खालच्या पट्टीतले स्वर एकेक करून भरायचे, म्हणजे ते पुनःपुन्हा फिरत राहतात; आणि तिसऱ्यावर, ज्युपिटर-८ वर, हातांनी राग वाजवायचा. ठेक्याच्या यंत्राला सोळा कळा, आपल्या त्रितालाच्या मात्राही सोळा. ताल तो नव्हे, पण हिशेब ओळखीचाच.

यातले दुसरे यंत्र, टीबी-३०३, मुळात बास गिटार वाजवणाऱ्याची उणीव भासू नये म्हणून काढलेले. म्हणजे जे यंत्र गिटारवाल्याची रोजी घ्यायला आले, तेच एका गिटारवाल्याने विकत घेतले आणि त्याच्याकडून मालकंस, तोडी, मधुवंतीला साथ करवून घेतली! कंपनीने १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद केले. त्याच्यात काय दडले आहे हे तोपर्यंत फारच थोड्यांना उमगले होते.

एच.एम.व्ही.ने काढलेली ती दहा रागांची तबकडी चालली नाही. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रावर ‘ॲसिड हाऊस’ नावाचे नृत्यसंगीत गाजवले. त्यांना मुंबईचा पत्ताही नव्हता. पुढे दिल्लीतल्या एका दुकानात एडो बाऊमन या डच संग्राहकाच्या हाती ही तबकडी लागली आणि २०१० साली ती पुन्हा निघाली. तेव्हा १९८२ हे साल पाहून काही लोकांना ती थापच वाटली. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंग युरोपच्या रंगमंचांवर गेले. जुलै २०१५ मध्ये ते वारले.

वसतिगृहातल्या मित्राच्या मोबाईलवर मी ती तबकडी ऐकली. कुणी म्हणेल, हा राग नव्हे. ललित पहाटेचा, यमन संध्याकाळचा. डिस्कोला कुठली आली पहाट? शिवाय आलाप नाही, विलंबित नाही. हे आक्षेप मला मान्य आहेत. पण चरणजित सिंगांनी मैफलीची जागा कुठे मागितली होती? त्यांनी एवढेच दाखवले की, यंत्र एकच ओळ हजार वेळा वाजवील, पण कुठली ओळ वाजवायची आणि तिच्यावर कुठला स्वर कधी ठेवायचा, हे माणूसच ठरवतो. कला त्या ठरवण्यात आहे. मामांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “मशीन वाजस नही रे भाचा, मानूस वाजाडस.” मला समजायला दोन वर्षे लागली ते त्यांना आधीच ठाऊक होते.

खरे दुःख दुसरेच आहे. आपल्या माणसाचे मोल बाहेरच्याने सांगेपर्यंत आपल्याला का कळू नये? आपण खान्देशातली मुले. आपल्याला तरी हे नवे नाही. बहिणाबाईंची गाणी आसोदे-जळगावच्या शेतांत आणि जात्यावर किती जणांच्या कानांवर पडली असतील! सोपानदेवांनी ती जपली आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. बहिणाबाई १९५१ सालीच गेल्या होत्या. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण त्यांच्या हयातीत ऐकणाऱ्या किती जणांनी थांबून विचारले असेल, “बाई, हे गाणं कुणाचं?”

धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला येताना लग्नसराईत एसटी हमखास वरातीत अडकते. आपण कपाळाला आठ्या घालतो. ध्वनिवर्धकाची कटकट असते हे खरेच. तरी पुढच्या वेळी गाडीवर बसलेल्या त्या वादकाच्या बोटांकडे क्षणभर पाहा. प्रत्येक जण चरणजित सिंग नसतो, माझे मामाही नाहीत. पण कोण आहे आणि कोण नाही, हे ऐकल्याशिवाय कसे ठरवणार?

यंदाच्या आपल्या संमेलनासाठी मी पुन्हा मामांचे नाव सुचवणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला