टाकलेल्या मातीचा हिशेब

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात दगडी कोळशाचा धडा येतो तेव्हा खाणी कोठे आहेत, कोळसा कोणत्या प्रतीचा आहे आणि तो कोणत्या कारखान्यांना लागतो, एवढे सांगून लेखक मोकळा होतो. कोळशापायी जी माती व जो खडक उपसावा लागतो त्याचे पुढे काय होते, याविषयी अवाक्षरही नसते. वस्तुतः आपल्या देशातील उघड्या खाणींतून एक टन कोळसा काढावयाचा तर सरासरीने दोन-अडीच घनमीटर माती-खडक दूर करावा लागतो. म्हणजे खाणवाल्याचा मुख्य उद्योग माती हलविण्याचाच म्हटला पाहिजे! आमच्या गोव्यात कोळसा नाही, लोहखनिज आहे. तथापि असे ढीग म्हणजे काय हे डिचोली-सांग्याकडच्या मुलांना समजावून सांगण्याची गरज नाही. घरात मराठी बोलोत की कोंकणी, त्यांना सारे ‘डंप’च म्हणतात.

माझे म्हणणे असे की, डंप हा खाणीचाच एक भाग होय. कोळसा संपला म्हणून खाण संपत नाही. टाकलेली माती स्थिर होऊन ती जमीन पुन्हा उपयोगी पडेपर्यंत खाणवाल्याची सुटका होता कामा नये.

हे म्हणणे कोणास कठोर वाटेल. त्यांनी वेल्समधील अॅबरफान या गावाची हकीकत वाचावी. तेथे खाणीतील टाकाऊ माल डोंगराच्या उतारावर रचीत असत. सातव्या क्रमांकाचा ढीग 1958 साली सुरू झाला, तो नेमका झऱ्यांच्या जागेवर. ते झरे नकाशांत दाखविलेले होते. 1963 साली तेथील नगरपालिकेच्या अभियंत्याने शाळेच्या मागे असलेल्या या धोक्याविषयी लेखी कळविले होते; त्याच वर्षी हा ढीग एकदा घसरलाही होता. तरीही माल टाकणे चालूच राहिले. 21 ऑक्टोबर 1966 रोजी, मध्यसत्राच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास पाण्याने भिजलेला तो ढीग चिखलाच्या लोंढ्यासारखा खाली आला आणि त्याने पँटग्लास येथील शाळा गाडली. 144 माणसे मृत्यू पावली. त्यांत 116 मुले होती. चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरविले, पण एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही.

ही गोष्ट परदेशाची म्हणून बाजूस सारता येत नाही. झारखंडमधील ललमटिया येथे राजमहालच्या उघड्या खाणीत 29 डिसेंबर 2016 रोजी मातीचा प्रचंड ढीग कोसळला व 23 कामगारांचा बळी गेला.

ढिगाचा खरा शत्रू पाणी. कोरडा असताना जो उभा राहतो, तोच आतून भिजला की कणाकणांतील पकड सुटून वाहू लागतो. म्हणून ढीग रचण्यापूर्वी खालची जमीन तपासावी, झरे-ओहोळ टाळावेत, पायथ्याभोवती चर खणून पावसाचे पाणी गाळाच्या टाक्यांकडे वळवावे आणि चढ पायऱ्यापायऱ्यांचा ठेवावा. आपल्याकडील 2017 च्या कोळसा खाण विनियमांत उताराचा कोन 37.5 अंशांपेक्षा अधिक नसावा आणि पायरी 30 मीटरपेक्षा उंच नसावी असे बंधन आहे. ढिगात कोळशाचा चुरा राहिला आणि आत हवा खेळली तर तो आपोआप पेटतो. तेव्हा माती दाबून बसविणे व वरून चांगल्या मातीचा थर देणे हेही आलेच. हा वरचा सुपीक थर खणताना प्रथमच वेगळा काढून ठेवावा लागतो. तो एकदा खडकाखाली गेला की गेलाच.

झाडे लावणे हे काम यानंतरचे. प्रत्यक्षात मात्र समारंभ प्रथम होतो व चर मागाहून आठवतात. आमच्याकडे डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावून ते हिरवे केल्याचे समाधान पुष्कळांनी मानले. अकेशिया लवकर वाढतो व माती धरतो, हे खरे. पण एकाच जातीच्या झाडांच्या रांगांना अरण्य म्हणवत नाही. आधी गवत आणि शेंगवर्गीय वनस्पती, मग त्याच परिसरातील निरनिराळी झाडे, हा क्रम सावकाशीचा असला तरी भरवशाचा आहे.

आता खर्चाचा प्रश्न. अॅबरफानवर उरलेले ढीग हलविण्यासाठी, शोकग्रस्तांकरिता जगभरच्या लोकांनी जमविलेल्या निधीतून 1968 साली दीड लाख पौंड घेण्यात आले! ज्यांची मुले गेली त्यांच्याच निधीवर हा भार! ती रक्कम 1997 साली परत केली, तीही व्याजाशिवाय. वेल्सच्या शासनाने अधिक भरपाई केली ती 2007 साली. आपल्या कोळसा मंत्रालयाने 2009 साली असा नियम केला की, खाण बंद करण्याच्या खर्चासाठी खाणवाल्याने खाण चालू असतानाच दरवर्षी विशेष बँक खात्यात रक्कम ठेवावी. ही तजवीज मला फार मोलाची वाटते. तिला एकच जोड हवी. त्या खात्यात किती पडले, त्यातून कोणता चर खणला, कोणत्या उतारावर काय लावले व त्यातले किती जगले, हे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पायथ्याच्या गावात, ग्रामसभेपुढे, तेथील लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे. आणि त्या सभेला गावच्या शाळेचे मुख्याध्यापक अवश्य बोलवावेत.