शस्त्रक्रियेपूर्वी मुलाचे मन कोण तपासणार?

शस्त्रक्रियेपूर्वी आपण रुग्णाचे रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे तपासतो. मन तपासायचे मात्र राहून जाते. रुग्ण लहान मूल असेल तर ही उणीव अधिकच गंभीर ठरते. संमतीपत्रावर सही वडिलांची असते, टेबलावर मूल असते.

पुष्कळ वर्षांपूर्वी सौंसरजवळच्या खेड्यातील एका सात वर्षांच्या मुलाला मी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला पाठविले. माझ्यासमोरच वडील त्याला म्हणाले, "चाल, तुले महाराजबाग दाखवतो." मी ऐकले आणि गप्प राहिलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण मुलगा रात्री दचकून उठू लागला, अंथरूण ओले करू लागला. पुढे तपासणीस आला तेव्हा त्याने मला एवढेच विचारले, "काका, तुम्हाले माहीत होतं ना?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

हा विषय नवा नाही. शस्त्रक्रियेमुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातांविषयी अमेरिकेतील डॉ. डेव्हिड लेव्ही यांनी १९४५ मध्येच लिहिले होते. रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची व्यथा जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये चित्रपटातून दाखविली. इंग्लंडमधील १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलाजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडेही जिवंत अवयवदाता किंवा कॉक्लिअर इम्प्लांट व्हावयाचे मूल यांची मानसिक तपासणी रूढ आहे. हर्निया वा टॉन्सिलच्या मुलाकडे मात्र कोणी पाहत नाही.

आपल्या भागात मनाची तपासणी म्हटले की पालक विचारतात, "पोरगं येडं आहे का, डॉक्टरसाहेब?" जामसावळीच्या हनुमानाच्या दरबारी मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे आपण नित्य पाहतो. त्यांच्या श्रद्धेविषयी माझी तक्रार नाही. परंतु भय हे वेड नव्हे, हे समजावून सांगणे आपलेच काम आहे.

तालुक्याच्या गावी मानसतज्ज्ञ कोठून आणावा, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक मुलाला त्याची गरजही नाही, आणि तातडीची शस्त्रक्रिया यासाठी थांबवू नये. पण दहा मिनिटे आपण देऊ शकतो. मुलाला काय सांगितले आहे? पूर्वी इंजेक्शनचा वा रुग्णालयाचा धसका बसला आहे काय? शुद्धीवर येताना त्याच्याजवळ कोण असेल? एवढे विचारावे. फार लहान मुलाला शब्द उमगत नाहीत. त्याला आईचा हात पुरतो. मोठ्याला दुखेल, पण कमी होईल, हे स्पष्ट सांगावे. भीती विलक्षण वाटली तरच नागपूरच्या मानसतज्ज्ञाकडे पाठवावे.

मित्रहो, मी आता रेफरल चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ लिहितो : 'मुलाला खरे सांगितले आहे.' ही ओळ आपणही लिहावी, आणि लिहिण्यापूर्वी ती खरी करावी, एवढीच विनंती.